मातीचा खुंट

औरंगाबाद,
१४ फेब्रुवारी १९७३

ती. अक्कास,
भारतचा सप्रेम जयभीम. वि. वि. मी गणितात विद्यापीठात पहिला आलो तेव्हा आईनं पेढ्यांऐवजी दुष्काळी कामावरची सुकडी वाटली होती. यावेळी जास्तीची मागून ठेव म्हणावं. विद्यार्थी संघाच्या सचिवानं चोरी पकडली, असं पेपरात आलं आहे. तो सचिव मी.

तू त्या दिवशी कड्याच्या बाजाराला गेली होतीस, म्हणून सांगतो. पाझर तलावाच्या कामावर आम्ही संघाचे चाळीसजण आलो होतो. मूळ जमीन कुठवर होती ते कळावं म्हणून खड्ड्याच्या मधोमध मातीचा खुंट राखतात. खुंटाची उंची म्हणजे खड्ड्याची खोली, आणि त्यावरच मजुरी. मी टेप लावला आणि गुणाकार मोठ्यानं केला. आईच्याच टोळीची खोली मुकादमानं, म्हणजे आपल्या धुळाजीमामांनी, चार बोटं कमी लिहिली होती. धुळाजीमामांना उत्तर देता आलं नाही. कामावरच्या साहेबांनी त्यांना तिथंच कामावरून काढलं. आई सारखी माझी बाही ओढत होती. आता मुकादमाला भिऊ नकोस, असं मी तिला सगळ्यांदेखत सांगितलं.

लोभ आहेच, या बातमीनं थोडा वाढावा.
तुझा भारत

सावरवाडी,
२२ फेब्रुवारी

चि. भारत यास,
अक्काचे आशीर्वाद. वि. वि. पत्र आईला वाचून दाखवलं. भिऊ नकोस, इथवर आले आणि ती उठून बाहेर गेली. परत आल्यावर म्हणाली की, पोरगा लई शिकला, पण त्यानं खड्डा कधी खांदला न्हाई.

भारत, त्या खुंटावर वरून ओली माती थापतात. खुंट वाढला की खड्डा खोल दिसतो. सगळ्याच टोळ्या करतात. आपल्या टोळीत आई थापायची आणि केशरबाई आडोशाला उभी राहायची. धुळाजीमामांना ठाऊक होतं. ते ती माती नजरेनंच वजा करायचे, तीही निम्मी. तुला सापडली ती चार बोटं तीच. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं असतं तर आईला काढलं असतं, तुझ्या चाळीस मित्रांसमोर.

त्यांच्या जागी सोसायटीच्या चेअरमनांचा पुतण्या आला आहे. चेअरमन तुझा सत्कार करणार आहेत. केशरबाई म्हणते, फेटा मोठा आणा, तोंड झाकंल असा.

माया आहे. आज एवढंच.
अक्का

औरंगाबाद,
२७ फेब्रुवारी

ती. अक्कास,
जयभीम. पत्र वसतिगृहाच्या जिन्यावर वाचलं. वर्गात गेलो नाही. गुणाकार तर बरोबर होता, असं मन अजून म्हणतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटते. मामांनी त्या दिवशी एकदाच माझ्याकडे पाहिलं. ते मी चोराचं पाहणं समजलो.

साहेबांना लिहायला बसलो. खरं कारण लिहिलं तर आईचं नाव येतं. न लिहिलं तर मामांना कोण परत घेणार? तीन कागद फाडले. सत्काराला मी येत नाही. आईला विचार, मी काय करू.

रागावून का होईना, लिही.
भारत

सावरवाडी,
५ मार्च

चि. भारत यास,
आशीर्वाद. तुझं पत्र अर्धं ऐकूनच आई उठली. केशरबाईला घेऊन साहेबांकडे गेली. माती मी थापली, मला काढा, धुळाजीला घ्या, असं तिनं सांगितलं. साहेब हसले. त्यांनी पेपर पुढं केला. विद्यापीठात पहिला आलेला पोरगा चुकला आणि अंगठा उठवणाऱ्या बाया बरोबर, असं कसं, म्हणाले. मग तिच्यासाठी चहा सांगितला. एवढ्या हुशार पोराची आई म्हणून. आईनं तो घेतला नाही.

आता इथं आमचं कुणी ऐकत नाही, तुझंच ऐकतात. तेव्हा तू ये. चाळीसजणांना घेऊन ये आणि त्यांच्यादेखत साहेबांना सांग की चुकलास तू. आधी धुळाजीमामांच्या घरी जा. ते तुला एक शब्द बोलणार नाहीत. तेवढी तयारी करून ये.

वाट पाहते.
अक्का