मशीनला नारळ

११ ऑगस्ट १९८६
चाललं! चाललं! कारखान्यामागच्या विहिरीत आवाज सोडला, तो तळाला आपटून परत आला आणि काचेवर खोली उमटली. हरिश्चंद्रने दोरी सोडून ताडून पाहिली — तंतोतंत! आमचा हा वायरिंगवाला कशालाच चांगलं म्हणत नाही. आज म्हणाला, "मॅडम, चहा माझ्याकडून."

आता हेच समुद्रात मासळीचा थवा दाखवणार.

संध्याकाळी मुंबईहून मोठ्या साहेबांचा फोन. "यंत्र चालणं वेगळं, खपणं वेगळं. मच्छीमार असलं काही घेत नाहीत. नारळी पौर्णिमेला एका बोटीवर बसवा, आठवडाभर बघा. कोणी मागितलं नाही तर रत्नागिरीचा विभाग बंद. मशीन आणि तुम्ही, दोघं परत मुंबईला."

घेत नाहीत म्हणे! समुद्र पाहिलाय कधी, खिडकीतून सोडून? मला नाही जायचं परत. मोठ्या मुश्किलीने माझ्या गावी आलेय.

१९ ऑगस्ट
नारळी पौर्णिमा. मिरकरवाडा बंदरात लवू तांडेलांच्या बोटीवर मशीन बसवलं. झेंडूची माळ, हळदकुंकू — मी खूश! तेवढ्यात, "बोटीवर नवीन काय आला की नारल त्याच्यावरच फोडायचा, बाय," म्हणत लवूदादांनी नारळ हाणला — थेट मशीनच्या डोक्यावर! पाणी वरच्या भोकांतून आत. फुस्स!

लाटांचं पाणी समोरून येणार म्हणून पुढची बाजू रबर लावून बंद केली होती. वर हवेला भोकं. आमच्या घरी मिक्सर आणला तेव्हासुद्धा नारळ फोडला होता, आणि हे मला सुचू नये!

"माझ्या हातना मोडला काय गो?" लवूदादांचा चेहरा एवढासा. हरिश्चंद्र तर पोट धरून खालीच बसला. मलाही हसू आवरेना. हसत हसतच मशीन उतरवून कारखान्यात परत आणलं.

२१ ऑगस्ट
वरची भोकं बंद. उष्णता आता मागच्या पत्र्यातून बाहेर. मग आम्हीच मशीनवर नारळ फोडले, एकामागून एक. ठणठणीत! कारखानाभर खोबरं.

२२ ऑगस्ट
पुन्हा बसवलं. पुन्हा नारळ! या खेपेला मीच फोडला.

२९ ऑगस्ट
मशीन परत आणायला धक्क्यावर गेले. लवूदादा देईनात!

"परत? नारल फोडलाय, बाय. आता ता बोटीचा झाला. तुझ्या सायबाला इचार, किंमत काय ती."

शेजारच्या बोटीवरून हाक — "लवूच्या जाल्यात रोज मासली! आमाला कधी ह्यो मशीन?"

साहेबांना ट्रंककॉल लावला. मशीन परत येत नाही. मीही नाही.