पहिली पेटी आणि प्रोपीन

७ एप्रिल

यांची शिकवणी पुन्हा सुरू! कॉलेजातून हे निवृत्त झाले, पण रसायनशास्त्र काही यांच्यातून निवृत्त होत नाही. शेजारची मनस्वी पडवीत येते. बारावी झाली, आता सीईटी.

आज अल्कीन. डबल बाँडपाशी इलेक्ट्रॉन भरपूर, म्हणून इलेक्ट्रोफाइल — म्हणजे इलेक्ट्रॉनचा भुकेला — तिकडेच धावतो. मी आत फणसाचे गरे काढत होते. आमचे दोघे मुलगे लहानपणी वासावर असेच धावत यायचे.

९ एप्रिल

आजचा नियम भारी! प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइड आलं की हायड्रोजन कुठल्या कार्बनला चिकटतो? ज्याच्याकडे आधीच हायड्रोजन जास्त, त्याला! मी आतूनच म्हटलं, हा तर आपल्या घरचाच नियम. मनस्वी हसली. हे नाही हसले.

बागेतली आंब्याची पहिली पेटी दरवर्षी मुंबईला, थोरल्या अपूर्वकडे. त्याच्या सासरची देवगडला बाग आहे, तरी! धाकटा समर्थ इथे जवळच लोट्याला कारखान्यात, त्याला कधीच नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने विचारलंच. हे म्हणाले, "तू काय, घरचाच. येशील तेव्हा खाशील." तेव्हापासून तो घरी आलेला नाही. मला फोन करतो, बाबांचं नाव काढत नाही. फार वाईट वाटतं.

१० एप्रिल

अबोला. चहा मात्र दोनदा मागितला — खुणेने.

१२ एप्रिल

आज शिकवणीत यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत! म्हणे, नियमात कुणाचे लाड नसतात. हायड्रोजन एका कार्बनवर बसला की धन भार दुसऱ्यावर येतो, आणि ज्याला शेजारच्या गटांचा आधार, त्यालाच तो पेलतो. समर्थ खंबीर आहे, असं यांना मला ऐकवायचं होतं. हातातलं भांडं ठेवून मी पडवीत गेले.

"अहो, त्या कार्बनला शेजारी आहेत. लोट्याला समर्थच्या शेजारी कोण आहे?"

मनस्वीने वहीत डोकं घातलं. पोर शहाणी आहे. यांनी शिकवणी लवकर सोडली.

१३ एप्रिल

मनस्वीने विचारलं, हा नियम कधी उलटतो का? उलटतो म्हणाले. हायड्रोजन ब्रोमाइडच्या वेळी जरासं पेरॉक्साइड पडलं की अभिक्रियेची वाटच बदलते, हायड्रोजन दुसऱ्या कार्बनकडे जातो. चिमूटभर पुरतं म्हणे. हे सांगताना माझ्याकडे कशाला बघायचं?

१५ एप्रिल

पहिली पेटी भरली. फळं यांनीच निवडली, पेंढाही यांनीच घातला. झाकणावर अपूर्वचा पत्ता घालू का विचारलं, तर नको म्हणाले. मुंबईची गाडी चुकणार, दुसरं काय! वयाबरोबर हट्ट वाढतोय.

१६ एप्रिल

सकाळी उठले तर हे नाहीत. पेटीही नाही.

आत्ता समर्थचा फोन. "आई गो, बाबा कंपनीच्या गेटवर बसलेत. पेटी मांडीवर. वॉचमनकडे देत नाहीत, समर्थच्याच हातात देणार म्हणतात."

मग जा की, म्हटलं. त्याने नाक ओढलं.

"जातो. तोंड धुतो नि जातो."