नसलेली गाठ

१२ एप्रिल १९६४, रविवार

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आज उगाच आठवला. मागच्या पडवीत अक्का आणि मी. मला आंबा बशीत कापून काट्यानं खायची सवय, पाचगणीच्या कॉन्व्हेंटात तसंच शिकवलेलं. अक्का थोडा वेळ बघत राहिल्या. मग माझ्या हातातला काटा काढून घेतला, एक रायवळ आंबा दाबून मऊ केला, देठाकडचा चीक पिळून टाकला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "चोख. कोपरापर्यंत रस आला नाही तर तो आंबा फुकट गेला." दोघींनी मिळून किती खाल्ले कोण जाणे. विहिरीवर हात धुताना आम्ही हसत होतो, कशाला ते आठवत नाही. अक्का यांच्या थोरल्या बहीण, विधवा होऊन माहेरी आलेल्या. केस ठेवले म्हणून गावानं नावं ठेवलेली. त्या दिवशी मात्र शाळकरी मुलीसारख्या दिसत होत्या.

आज उमरठचे एक पक्षकार पहिली करंडी घेऊन आले. "वकीलसाहेब, घरचंच हाय, नाय म्हणू नका." अक्कांनी माळ्यावर आढी घातली. आता रोज वास घेऊन पिकलेले वेचतील, आम्हांला खायला घालतील. स्वतः तोंडाला लावणार नाहीत. हा नववा उन्हाळा.

माझ्यासाठी सोडलाय त्यांनी आंबा.

१५ एप्रिल

मुंबईहून पेरिनचं पत्र. शाळेतल्या मैत्रिणींपैकी ती एकच उरली जिला सगळं ठाऊक आहे. डॉक्टर मे महिन्यात वेळ देतात, १८ तारखेला दाखल व्हायचं. "दुसऱ्यांदा जरा अवघड असतं, पण ते करतात," असं त्यांचं म्हणणं तिनं कळवलंय.

पहिल्या वेळीच ते म्हणाले होते, सात-आठ वर्षं टिकेल. टिकलं. डावा गाल आधी सुटला, मग हनुवटीखाली. ओढून बसवलेलं जास्तच उतरतं की काय. कानाची पाळी खाली ओढल्यासारखी दिसते, म्हणून हल्ली कुड्या घालत नाही.

१६ एप्रिल

१९५५ सगळं परत डोक्यात. पोलादपूरचं ते लग्न. नवऱ्या मुलाच्या आजीनं माझ्याकडे बघून यांना विचारलं, "आय काय तुमची?" हे माझ्याहून चार वर्षांनी मोठे. मोटारीत महाडपर्यंत हसत होते. मी पण हसले. घरी आल्यावर दोन दिवसांनी हेच म्हणाले, पेरिन म्हणत होती ते करून टाक ना. मी शब्द काढला नव्हता.

आणि घरी काय सांगायचं? तेही यांनीच काढलं. "मानेत गाठ आहे म्हण. गाठीला कोणी पुढे विचारत नाही." कोर्टात साक्षीदाराला पढवावं तसं.

विचारलंच नाही कोणी. अक्का तेवढ्या उठून वीरेश्वराला गेल्या आणि सांगून आल्या, सुमती घरी धड परत येऊ दे, जन्मभर आंबा खाणार नाही. मला हे परत आल्यावर कळलं. तोंड सुजलेलं, डोक्याला पट्ट्या, आणि अक्का उशाशी. नंतर तीन महिने कानामागच्या वणांना खोबरेल लावत होत्या. एकदाच म्हणाल्या, गाठ मानेत आणि टाके कानामागे कसे गं? हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, तिथूनच काढतात. भावानं सांगितलं म्हटल्यावर अक्कांना पुरे.

२० एप्रिल, सोमवार

यांना विचारलं. पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं. "आता कोण बघतंय आपल्याला?" म्हणाले.

आपल्याला नव्हे, मला. पण वाद घातला नाही. जायचं तर जा म्हणाले. मग घरी काय सांगायचं हा प्रश्न. मी म्हटलं, गाठ परत आली म्हणायचं नाही. अक्का आणखी काही सोडतील. आता त्यांच्याकडे राहिलंय काय? सकाळचा चहा आणि दुपारची तपकीर. हे हसले. मला हसू आलं नाही.

दात सांगायचे ठरलं. दातांसाठी कोणी नवस बोलत नाही.

२६ एप्रिल

अक्कांना दातांचं सांगितलं. "कुठला?" म्हणाल्या. मी बोट ठेवलं. "त्याला पंधरा दिवस? आणि मुंबई?" मी म्हटलं, बरेच आहेत. त्या सोललेल्या फणसाचे गरे वेगळे करत होत्या.  मग, "सुमती, गाठ तर नाही ना परत?"

नाही म्हटलं. पहिल्यांदा खरं बोलले, आणि तेच त्यांना पटलं नाही.

२७ एप्रिल

फार ऊन. सावित्री नदीचं पात्र निम्मं कोरडं. पेरिनला होकार पाठवला.

२ मे, शनिवार

काय झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळपासून अक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. वाटलं, ऊन बाधलं. जेवायला पान वाढलं ते सखूनं. सखू पलीकडच्या वाडीवरची, आमच्याकडे वीस वर्षं. मी मागच्या दारी गाठून तिला विचारलं. आधी ऐकलंच नाहीसं दाखवलं. मग म्हणाली, "वयनी, मला नाय ठाव काय खरं काय खोटं. काल तुम्ही वाण्याकडं गेल्ता तवा अक्का सायबांना म्हनत हुत्या, सुमतीची गाठ परत आली, मी आता चहा सोडते. तवा सायेब बोलले."

"काय बोलले?"

"म्हनले, गाठ नव्हतीच. तोंड ओढून घेतलंन हिनं, तरनं दिसायला."

हिनं.

एवढंच सांगितलं यांनी. पुढं मागं काही नाही. दोन आठवड्यांपूर्वी दात म्हणू या असं माझ्याबरोबर बसून ठरवलं, आणि मी अर्धा तास घराबाहेर गेले तर.

३ मे

कोर्टाला सुट्टी, हे घरीच. मी बाहेरच्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी विचारलं, का सांगितलंत?

म्हणाले, अक्का चहा सोडायला निघाली होती, बघवेना. त्रेसष्ट वर्षांची बाई.

ते मला समजतं. खरंच समजतं. मलाही बघवलं नसतं. मी म्हटलं, सांगायचं तर सगळं सांगायचं. गाठ तुम्ही सुचवलीत.

हे म्हणाले, "सुचवली. घेतलीस तू."

आणि चष्मा पुसायला लागले. पुसता पुसता आणखी एक म्हणाले, ते लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते. म्हणाले, तुझा आधीचा चेहरा मला आता आठवत नाही आणि नंतरचा कधी आपला वाटला नाही.

आठ वर्षं समोर बसून जेवले. एकदा तरी सांगायचं.

४ मे

काही नाही. सखूच्या हातून जेवण. अक्कांच्या खोलीचं दार लोटलेलं.

६ मे

सखू सांगते, अक्का देवळात गेल्या होत्या. गुरवाला विचारलं, दुखणंच नव्हतं तर त्यासाठी बोललेला नवस लागू होतो का? गुरव विचारात पडला म्हणे. मग त्यानं विचारलं, शब्द काय होते? अक्का म्हणाल्या, घरी धड परत येऊ दे. आली का? आली. "मग देवानं आपलं केलंन की. आता तुमचं तुम्ही." सखूनं गुरवाची नक्कल करून दाखवली, मान डोलवून. एरवी मी हसले असते.

म्हणजे माझ्या खोट्यापायी बोललेला नवस खरा, आणि तो जन्मभर पाळायचा.

हे घरात असे वावरतात की दोन बायकांचं भांडण आहे, मिटेल.

९ मे, शनिवार

अक्का बोलल्या.

मी माळ्यावर गेले तेव्हा त्या आढीतला पेंढा बाजूला करत होत्या. मी शेजारी बसले. काय म्हणायचं ते चार दिवस ठरवत होते, त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. अक्का, चुकले, एवढंच.

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. "आंब्याचं काही नाही," म्हणाल्या. "जीभ काय, विसरते. पहिल्या उन्हाळ्यात जड गेलं, मग नाही. पण दर वर्षी मी म्हणायची, सुमती, माझ्या वाटणीचा पण तू खा. आणि तू खायचीस."

खायचे. नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल म्हणून खायचे. असं मी आठ वर्षं स्वतःला सांगितलं.

त्या पुढे म्हणाल्या, "कानामागं तेल लावताना मी तुला विचारलं होतं. तेव्हा सांगितलं असतंस तर मी रागावले असते. दोन दिवस. फार तर चार."

 यांचं नाव ओठावर होतं. तुमच्या भावानंच मला शिकवलं अक्का, तुम्हांला तिथूनच काढतात म्हणून सांगणारा तोच. एक वाक्य, आणि सगळं अर्धं तरी माझ्या अंगावरून उतरलं असतं. बोलले नाही. त्यांना या जगात तेवढा एक भाऊ. मी तरी त्यांची कोण आता.

उठताना त्यांनी विचारलं, "पण कशाला गं? तेव्हा नाही, आता. कशाला?"

उत्तर इथे लिहिते. मला कोणी बघावं असं वाटतं. म्हणजे वाकून पाया पडायला नव्हे, नुसतं बघावं. छप्पन्नाव्या वर्षी हे लिहिताना कान तापलेत.

११ मे

यांनी विचारलं, अजून जाणार आहेस? हो म्हटलं. सोबत येऊ का, असं विचारलं नाही. पहिल्या खेपेला रोज गुलाब घेऊन यायचे दवाखान्यात, नर्सेस चेष्टा करायच्या.

न जावं असंही वाटतं. मग कशासाठी गमावलं एवढं, असं मनात येतं, आणि परत जावंसं वाटतं. हा विचार धड नाही, कळतं मला.

१२ मे

सकाळी अक्कांनी स्वतः चहा आणून दिला. आशा वाटली. समोर बसल्या, स्वतःचाही पेला आणला होता. शांतपणे म्हणाल्या:

"जायचं तर जा. मी अडवत नाही. पण या वेळी मी काही सोडणार नाही, सुमती. देवाला काही सांगणार पण नाही. तुझं तू बघ."

आणि चहा प्यायल्या, सगळा.

नन्सनी आम्हांला शिकवलं, देवाशी सौदा करायचा नसतो. मी आयुष्यभर नवसांना नावं ठेवली. पेरिनला पत्रातून अक्कांच्या आंब्याची गंमत सुद्धा लिहिली होती एकदा.  मागच्या वेळी क्लोरोफॉर्मचा वास नाकात जाताना मला माहीतही नव्हतं की कोणी माझ्यासाठी देवळात उभं आहे. या वेळी माहीत आहे की कोणी नाही.

१४ मे, गुरुवार

उद्या सकाळच्या गाडीनं. पिशवी भरली. पेरिन परळला उतरवून घेईल. सखूशिवाय कोणाला वेळ विचारावीशी वाटली नाही.

अशा ऑपरेशननं माणूस मरत नाही म्हणतात. तरी छप्पन्न वर्षं झाली, आणि दुसऱ्यांदा अवघड असतं. म्हणून:

सखूला माझी दोन इरकली लुगडी, हिरवं आणि जांभळं. नेसायला द्यावीत, ठेवायला नव्हेत, हे तिला निक्षून सांगावं कारण ती जपून ठेवते. तिच्या सुनेला शिवणयंत्र. तेल घालून ठेवलंय.

पेरिनला मोत्यांच्या कुड्या. तिला त्या नेहमी आवडत.

आईची पाचगणीहून आलेली पेटी, आतल्या इंग्रजी पुस्तकांसह, इथल्या मुलींच्या शाळेला. चाळून द्यावी, आत पत्रं आहेत, ती जाळावीत. न वाचता.

पूर्वेची माझी खोली अक्कांना. त्यांच्या खोलीत पावसाळ्यात भिंत पाझरते आणि त्या कधी बोलत नाहीत. यांनी "बघू" म्हणू नये. माझी ऊबदार शाल, काश्मिरी, ती पण अक्कांना. घेणार नाहीत. तरी खोलीत ठेवावी.

यांना आमचा लग्नातला फोटो, ज्यात मी वीस वर्षांची आहे. आठवत नाही म्हणाले, म्हणून.

या रोजनिश्या, एकूण एकवीस वह्या. वीस वह्या विसर्जन कराव्यात, सावित्रीत, पाणी असेल तेव्हा. १९५५ची वेगळी बांधली आहे. तीत यांचं गाठीचं बोलणं तारखेसकट जसंच्या तसं आहे. अक्का सावकाश का होईना, वाचतात. कागदात गुंडाळून वर दोरा बांधला. नाव घालायला पेन उघडलं होतं. अक्कांचं घालावं, की यांचं. गाडी सहाला आहे, तोवर ठरवेन.