धुवायला दिलेला रोल

९ फेब्रुवारी १९९२, रवि.
आईचा तेरावा होऊन आठवडा झाला. भिंतीवरचा फोटो बघवत नाही. दादांच्या साठीशांतीचा रोल धुवायला दिला होता, तो सुतकात आणायचा राहिला. म्हणून जुन्या ग्रुप फोटोतून आईला कापून मोठं केलं. खांद्यावर काकूची चार बोटं राहिलीत.
शांतीच्या दिवशी ती पहिल्यांदाच एकटी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. हिरवं पातळ, नथ. "नीट आला ना गं?" मी म्हटलं, आला.
अकरा दिवसांनी गेली. झोपेतच.
दादा दिवसभर खुर्चीत. दाढी वाढलीय. आज एवढंच बोलले, "नंदा, रोल कधी मिळेल?" उद्या ऑफिसातून येताना.

१० फेब्रु.
उल्हासनगरला उतरून स्टुडिओत गेले. रंगीत फोटो उडतात म्हणून दादा काळा-पांढराच रोल घेतात. तो अजून हाताने धुणारे इथे लछमनशेठच. त्यांनी पट्टी उजेडात धरली. कलश आणि भटजींचा हात, तेही अर्धे. पुढे सगळं काळं.
"दीदी, रोल को लाइट लगी है. कॅमेरा कुणी खोलला होता काय?"
"नाही."
किती पटकन म्हणाले मी.
खोलला होता. मीच. शांतीच्या संध्याकाळी छत्तीस फोटो संपले. वाटलं रोल मागे गुंडाळलाय, म्हणून झाकण उघडलं. आत फिल्म तशीच. झटकन बंद केलं. कुणी पाहिलं नाही. मग गुंडाळला आणि दुकानात दिला. एवढ्याशा उजेडाने काय होतंय, असं

११ फेब्रु.
दादांना म्हटलं, रोल खराब झाला. पुढचं सांगणार होते. तोवर ते खुर्चीतून उठले. "त्याने धुताना डार्करूमचं दार उघडलं असणार. छत्तीसच्या छत्तीस!" पावती मागितली, चष्मा लावून मागून-पुढून वाचली. मग मोरीत जाऊन दाढी केली. आई गेल्यापासून पहिल्यांदा.
मी चहा टाकायला गेले. सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, ठेवलं.

१६ फेब्रु., रवि.
दादांबरोबर ग्राहक संघटनेच्या सभेला, कुळगावातल्या शाळेत. त्यांनी वहीत उतरवलं: वकील लागत नाही. मूळ पावती कुणाच्या हातात द्यायची नाही, झेरॉक्स द्यायची. आधी रजिस्टर पत्र, पोचपावतीसह, पंधरा दिवसांची मुदत. मग ठाण्याला जिल्हा ग्राहक मंचाकडे साध्या कागदावर तक्रार.
दादा उभे राहिले, पावतीमागचं मोठ्याने वाचलं. "रोल खराब झाल्यास बदली नवा रोल मिळेल. इतर जबाबदारी नाही." मग म्हणाले, "छापलं म्हणजे कायदा झाला काय?" लोकांनी टाळ्या वाजवल्या.
निघताना संघटनेच्या बाई मला म्हणाल्या, "आपली बाजू खरी असली की वकिलाचं काम नाही हो."

२० फेब्रु.
पत्र मीच टाइप केलं, ऑफिसच्या मशीनवर. 'सेवेतील त्रुटी.' 'अपरिमित मानसिक त्रास.' एकही अक्षर चुकलं नाही.

१ मार्च, रवि.
लछमनशेठ घरी आले. पत्रावरच्या पत्त्याने शोधत. हातात पापडाचं पाकीट आणि नवा रोल. आधी आईच्या फोटोला नमस्कार केला, मग जवळ जाऊन बघत राहिले.
"साईं," दादांना म्हणाले, "हा फोटो मला द्या. ही बोटं ब्रशने काढून देतो. पैसा नको."
"आधी चूक कबूल करा," दादा.
"तीस साल रोल धुतले. तीन-चार खराब केले, ते त्या त्या वेळी सांगितले. ये मैंने नहीं किया." हातातला रोल पुढे ठेवला. "पण आता वाटतं, हुआ भी होगा. वय झालं. तुमचं पत्र आल्यापासून धुवायला मी बसतच नाही, रोल कल्याणला पाठवतो."
मी पाणी दिलं. दादांनी पापड आणि रोल परत केले. शेठचा आवाज चढला नाही, तेच वाईट वाटलं.
दारात शेठ मला म्हणाले, "दीदी, रोल नीट होता ना देताना? तुम्ही सांगा, मी मान्य करतो."
मी "हो" म्हटलं.

५ मार्च
दादांना झोप लागते. जेवतात. शेजारच्या काकांनी जिन्यातून हाक मारली, "काय वकीलसाहेब, तारीख कधीची?" दादा हसले.
आज सांगितलं तर ते परत खुर्चीत बसतील. नाही सांगितलं तर तो माणूस. दोन्ही बाजूंनी विचार करून झाला. आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, आधी त्यांना जेवू दे. ती नेहमी तेच म्हणायची. म्हणून काही ठरायचंच नाही आमच्या घरात.

१२ मार्च
मुदत संपली. तक्रार तयार. रोल दुकानात मी दिला, म्हणून प्रतिज्ञापत्र माझं. दादांनी मजकूर सांगितला, मी टाइप करून आणला. पाचवं कलम: 'रोल मी स्वतः कॅमेऱ्यातून व्यवस्थित काढून सुस्थितीत दुकानात दिला.'
"सही करण्याआधी नीट वाच. खोटं निघालं तर शिक्षा असते," दादा म्हणाले.
वाचलं. पेन हातात धरून बसले.
"दादा, पाचव्यात चूक आहे."
"टायपिंगची?"
नाही म्हणायला तोंड उघडलं. "उद्या परत करून आणते," एवढंच निघालं.
"आण. घाई नाही. खाडाखोड नको पण."

१३ मार्च
डब्याच्या सुट्टीत मशीनवर बसले. तीन कार्बन लावले. पहिली चार कलमं तशीच उतरवली: नाव, पत्ता, पावतीचा नंबर, तारीख.
पाचवं: 'रोल मी स्वतः' इथवर झालंय.
दादा पाचला सहीसाठी अंबरनाथ स्टेशनवर येणार आहेत. पांढरा सदरा घालून येतो म्हणाले.