आईच्या नावानं

हार्लो, कोलोरॅडो
१८ फेब्रुवारी १९०७ (तुमच्याकडे रशियात जुन्या पंचांगानं अजून पाचच तारीख असेल)

लाडक्या डोर्टे,

तुला तुझ्या थोरल्या बहिणीचे दोन्ही गालांवर पापे आणि मावशीला नमस्कार. आम्ही बरे आहोत, तुम्हीही बरे असाल.

तुझं पत्र मंगळवारी आलं. डोळ्यांच्या खुपऱ्या गेल्या, डॉक्टरांनी पापण्यांना मोरचूद लावणं थांबवलं, ईस्टरनंतर निघतेस! मी मोठ्यानं वाचत होते, तेवढ्यात बाबा "घोड्याला पाणी दाखवून येतो" म्हणून बाहेर गेले. आपल्याकडे घोडा नाही, डोर्टे. ब्रेमेनच्या बंदरात डॉक्टरनं डोळ्यांपायी तुला अडवलं आणि तुला मागे ठेवून आम्ही जहाजात चढलो, त्याला मेमध्ये तीन वर्षं होतील. त्या दिवसाचा विषय निघाला की बाबा असेच बाहेर जातात.

इथं उतरलीस की घाबरू नकोस, म्हणून गावाचं सांगते. आम्ही आलो तेव्हा गाव नव्हतंच. उघड्या माळावर विटांचा साखर कारखाना आणि भोवती तंबू. आता दुकानं आहेत, डाकघर आहे, आणि रुळांच्या अलीकडे आपल्या लोकांच्या तीन गल्ल्या. आपण जर्मन, पण रशियातून आलो म्हणून पलीकडचे लोक आपल्याला 'रशियन' म्हणतात. बाबा दर वेळी चिडून जर्मनमध्ये उत्तर देतात आणि ते कुणालाच कळत नाही. इथं साखर बीटपासून काढतात, मागे उरलेला बीटचा चोथा कुजतो त्याचा वास भयंकर. फिलिप म्हणतो, "डोर्टे पहिल्या दिवशी नाक धरेल, दुसऱ्या दिवशी म्हणेल, कसला वास?" आपला भाऊ अजून तस्साच आहे, नुसती उंची वाढली.

बीटच्या शेतातलं काम गुडघ्यांवरचं. एका बीपासून तीन-चार रोपं जुळून उगवतात. त्यातलं एक ठेवायचं, बाकीची उपटायची. मैलभर लांब ओळी. आणि शरद ऋतूत बीट खणून, आकडीच्या सुऱ्यानं पाला छाटायचा, तेव्हा जमीन गोठलेली असते. उरलेल्या बीटांचा आम्ही पाक उकळतो, पण आपल्या कलिंगडाच्या पाकाची त्याला सर नाही. तो आटवताना फेस काढून टाकायचा की...

बघ, मी पाकाचं लिहीत बसले. तीन दिवस हेच चाललंय. कागद पुढे घेते आणि भलतंच काहीतरी लिहिते.

तू लिहिलंयस, "स्टेशनवर फक्त आईला पाठव. तिच्याआधी मला कुणाचंही तोंड बघायचं नाही, तुझंसुद्धा."

डोर्टे, आई नाही गं. परवाच्या वर्षी नोव्हेंबरात गेली. बर्फात छाटणी चालली होती, तिला खोकला झाला, मग ताप. शेतावरच्या खोपटात नऊ दिवस होती. आपल्या लोकांची इथं तेव्हा दफनभूमीसुद्धा नव्हती. नदीजवळच्या माळावर पहिली कबर तिची. आता तिथं अकरा आहेत.

मी त्याच आठवड्यात तुला लिहायला बसले होते. बाबांनी हात धरला. "डॉक्टर काय म्हणालेत? रडायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत. पोरगी रडून आंधळी होईल. बरी होऊ दे, मग सांगू." मला ते पटलं. खरं सांगू? मला ते सोयीचं वाटलं.

मग तू पत्रात आईला विचारायचीस आणि तिच्या नावानं मी उत्तर द्यायची. 'आई म्हणते, कणीक रात्रभर झाकून ठेव.' 'आई म्हणते, मावशीला उलटून बोलू नकोस.' सव्वा वर्ष. ती कशी बोलायची ते मला इतकं जमू लागलं, की कधीकधी लिहून झाल्यावर मीच परत वाचत बसायची. माझ्यावर हवं तेवढं रागव.

बाबा अजूनही म्हणतात, "तपासणी पार होऊ दे. ब्रेमेनला डोळे लाल दिसले तर पुन्हा परत पाठवतील." त्यांचं अगदीच चूक नाही. म्हणून तर हे आत्ताच लिहिते आहे. ईस्टरला वेळ आहे. आता रडून घे, पोटभर रड. डोळे सुजले तर महिनाभर उशिरा नीघ, पण हे माहीत असून ये. तिला शोधत गाडीतून उतरलेली तू माझ्यानं बघवणार नाही.

आणखी एक, जे मी बाबांनाही सांगितलेलं नाही.

शेवटच्या दिवशी आई मला ओळखत नव्हती. म्हणाली, "डोर्टे, आलीस?" मी म्हटलं, "आले, आई." "एवढ्या लांब एकटी आलीस?" "हो." मग म्हणाली, "इकडे ये, डोळे बघू." मी वाकले. तिचे अंगठे छाटणीनं फुटलेले, खरखरीत होते. तिनं माझ्या पापण्या एकेक करून उलटल्या, बंदरावर तो डॉक्टर करायचा तशा, आणि बराच वेळ बघत राहिली.

"स्वच्छ आहेत," म्हणाली. "आता कोण अडवतंय."

मग झोपली. तिच्यापुरती तू पोचली होतीस, डोर्टे. आता आमच्यासाठी ये.

आज फक्त स्वतःच्याच नावानं,
तुझी
आमालिए