चपलांपाशी बसवल्याबद्दल

अंबाजोगाई

चि. शिवशंकर,

रविवार, १२ जानेवारी २०२५, सकाळी साडेसात. मी लाटेवर फळी चालवायला शिकायला आले, आणि मालवणच्या वाळूवर, तुझ्या अख्ख्या लाँगबोर्ड सर्फिंग क्लबसमोर तू म्हणालास, "मावशी, तू चपला सांभाळ." शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनीसुद्धा मला कधी असं बाजूला बसवलं नव्हतं. मी दुपारच्याच गाडीने परतले.

काल तुझी आई हसत सुटली. "अगं, क्लबात एकच फळी होती, तवापासून नवा माणूस पयल्या दिवशी समद्यांच्या चपला सांभाळतो. दुसऱ्या दिवशी समदे मिळून त्याची फळी लाटेवर ढकलत्यात. तू कावून पळालीस?"

हे मला तेव्हाच सांगायला काय झालं होतं? आणि फळीवर आधी गुडघा टेकायचा की पाऊल? सदुसष्टाव्या वर्षी उभं राहता येतं? माझी लाट अजून राखून ठेवली आहे का? अभिमान गिळून हे पत्र टाकलंच, तर ३१ जानेवारीच्या आत लेखी उत्तर हवं.

तुझी मावशी,
मोहिनी