वयोमानानुसार नंबर लागणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षकसाहेब,
हाडांचा मोठा दवाखाना, पुणे.

अर्जदार : रंभा म्हाळू गायकवाड, मु. वडगाव रासाई, ता. शिरूर.

विषय : मणक्याच्या ऑपरेशनसाठी कै. हरिबा यांचे जागी अर्जदार हिचा नंबर धरणेबाबत.

संदर्भ : आपल्या दवाखान्याचा केसपेपर, त्यावरील शेरा ‘वयोमानानुसार’.

महोदय,

१. अर्जदार हिचे म्हणणे असे की, सन १९७२ च्या दुष्काळी कामावर खडी फोडताना तिची कंबर वाकली, ती अद्याप सरळ झालेली नाही. सध्या ती माणसे चपलांवरून ओळखते. कोणी नव्या चपला घेतल्या की तिची पंचाईत होते.

२. गावात पाठी पूर्वीही दुखत होत्या, पण ते म्हातारपण म्हणून खपून जात होते. गेल्या साली दौंडच्या रेल्वे खलाशाची आई जाईबाई मणक्याचे ऑपरेशन करून तळेगावच्या बाजारात ताठ चालत आली, आणि झाला घोटाळा! त्या एका बाजारात ऑपरेशनची मागणी एकावरून एकोणीसवर गेली. एकोणीसही जण एस.टी.ने आपल्याकडे आले व प्रत्येक जण ‘वयोमानानुसार’ हा शेरा घेऊन परतला.

३. सदर शेऱ्याचा अर्थ ‘वयाच्या मानाने नंबर लागेल, थोरला तो आधी’ असा गावात धरला गेला. तेव्हापासून गावाचे वय झपाट्याने वाढत आहे. साखरबाई दोन महिन्यांत सहा वर्षांनी थोरल्या झाल्या. हरिबा यांनी ब्याऐंशी सांगून पहिला नंबर पटकावला. अर्जदार एकाहत्तरावर दुसरी राहिली.

४. दुष्काळी कामाच्या हजेरीपत्रकात अर्जदार हिचे वय पंचेचाळीस आहे, कारण म्हातारीला कामावर घेत नव्हते. पाच वर्षांत सव्वीस वर्षे कशी वाढली, असे साहेब विचारतील. ती खडी ज्याने फोडली तो विचारणार नाही.

५. हरिबा गेल्या बुधवारी वारले. अर्जदार मनापासून रडली. डोळे पुसून तिने लेखनिकास अर्ज लिहायला बसवले, व पुढील मजकूर शब्दशः घालण्याचा हट्ट धरला : “सायबाला ल्ही, हरिबाआबाचा लंबर म्हसनात गेला न्हाई, माझ्याकडं आलाय. मला एकडाव नीट हुबं ऱ्हाऊन माणसांची तोंडं बघायची हायत. मंग कवाबी मरंन.”

तरी दुसऱ्या कोणाचे वय वाढण्यापूर्वी बोलावणे यावे, ही विनंती.

आपली, पाच वर्षांपासून नम्र,
रंभा म्हाळू गायकवाड (डाव्या हाताचा अंगठा)
दि. १४ नोव्हेंबर १९७७

सोबत : केसपेपर, वयाचा दाखला (नवीन), नंबर रिकामा झाल्याचा पुरावा म्हणून हरिबा यांचा मृत्यूचा दाखला.

लेखनिकाची टीप (अर्जदार हिला वाचून दाखविलेली नाही) : शेऱ्याचा खरा अर्थ लेखनिकास ठाऊक आहे : वय झाले, आता असेच चालायचे. पण केसपेपर वाचताना रंभाबाई मान तिरपी करून त्याच्या तोंडाकडे पाहत होती. त्याच्याने सांगवेना, म्हणून नंबराचा अर्थ त्यानेच काढला. चूक सर्वस्वी त्याची आहे. साहेबांना नाही म्हणायचे असल्यास कृपया उत्तरच पाठवू नये. पत्र वाचून दाखवायला तिच्यापुढे लेखनिकालाच जावे लागते, आणि ती त्याच्या चपला ओळखते.

सर्जेराव, निवृत्त पोस्टमन